भिंगरीची कंपनी

पेटी काही केल्या दारातून आत येईना!

"आडवी करा… अहो आडवी! जरा कलती घ्या!" भिंगरी आपल्या चाकाच्या खुर्चीत बसून दोन्ही हात उंचावून ओरडत होती आणि ते दोन हमाल घामाघूम होऊन त्या लांबलचक पेटीला कधी उभी, कधी आडवी करत होते. शेजारपाजारच्या दारांतून डोकी बाहेर आली होती. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर तर जिन्यात उभं राहून फुकटचे सल्ले देत होते. आणि या सगळ्या गोंधळात माई, भिंगरीच्या सासूबाई, छातीवर हात दाबून उभ्या होत्या. जणू त्या पेटीत त्यांचाच जीव कोंडला होता!

शेवटी दारच बिजागऱ्यांवरून उतरवलं, तेव्हा कुठे पेटी घरात आली.

फळ्या निघाल्या, कागद निघाले, आणि आतून ती बाहेर आली… शर्यतीची खुर्ची! लालभडक, तीन चाकांची, पुढचं चाक बाणाच्या टोकासारखं लांब गेलेलं, मागची दोन आतल्या बाजूला कललेली. भिंगरीच्या कमरेचं, मांड्यांचं, खांद्यांचं माप घेऊन तिच्या एकटीसाठी घडवलेली. भिंगरी पुढे सरकली. तिने चाकाला बोट लावलं, हलकेच फिरवलं. ते चाक कसलाही आवाज न करता फिरत राहिलं, फिरतच राहिलं… आणि मग ती अशी खदखदून हसली, की मास्तरांनीही जिन्यातून टाळ्या वाजवल्या!

त्या हसण्यासाठीच तर माईंनी सगळं केलं होतं!

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पार्सलं पोचवण्याच्या कामावर असताना ती सायकलवरून अशी गरागरा सगळं शहर फिरायची, की लोकांनीच हे नाव ठेवलं. माईंच्या लाँड्रीत कपड्यांचं पार्सल न्यायला आली, आणि माईंच्या एकुलत्या एका मुलाने गरम इस्त्री तिच्याकडे बघता बघता गिऱ्हाइकाच्या शर्टावर तशीच ठेवली. शर्ट जळला, लग्न जमलं. "एका शर्टात सून मिळाली, सौदा स्वस्तात पडला," असं माई सगळ्यांना सांगायच्या.

आणि मग तो दिवस आला. उतारावरून येणारी सायकल, मागे न बघताच मागे घेतलेला मालट्रक… भिंगरी वाचली, पण कमरेखालचं शरीर तिला कायमचं परकं झालं. नवऱ्याने तिला फुलासारखं जपलं. तिला उचलायचा, न्हाऊ घालायचा, भरवायचा. पण ज्या मुलीला क्षणभर एका जागी बसवत नसे, ती दिवसेंदिवस खिडकीबाहेर बघत बसू लागली. जेवण निम्मं झालं, बोलणं त्याहून निम्मं! माईंच्या काळजाचं पाणी पाणी होई.

एके दिवशी माई तिला अक्षरशः बळजबरीने मैदानावर घेऊन गेल्या. तिथल्या कोचबाईंनी कुणाची तरी जुनी, ढगळ शर्यतीची खुर्ची तिला बसायला दिली. भिंगरीने नाराजीनेच एक फेरी मारली. दुसरी मारली. तिसऱ्या फेरीला ती माईंच्या समोरून सुसाट गेली आणि वाऱ्यावर तिचा आवाज आला, "माई, बाजूला व्हाऽऽ!"

माई तिथेच मटकन बसल्या आणि ढसाढसा रडल्या.

पण पुढे जायचं तर स्वतःच्या मापाची खुर्ची हवी, हातमोजे हवेत, टायर हवेत, शिबिरं, प्रवास, दुखऱ्या खांद्यांवर उपचार… माईंनी किती उंबरे झिजवले! एका मंडळाने हार घालून आश्वासन दिलं आणि पुढच्या महिन्यात ओळखही दाखवली नाही. आणि भिंगरीने तर आधीच बजावून ठेवलं होतं, "माझ्यासाठी घरातली एक वाटीसुद्धा विकायची नाही हं माई! विकलीत, तर मी त्या खुर्चीला पुन्हा हात लावणार नाही."

माईंनी वाटी विकली नाही. त्यांनी लाँड्री विकली.

वैधव्यात एका टेबलावर आणि एका इस्त्रीवर उभी केलेली लाँड्री… शेजारच्या औषधवाल्याला तिची जागा कधीपासून हवी होती. भिंगरीला त्यांनी सांगितलं, "गुडघे गेले गं माझे, आता उभं राहवत नाही, म्हणून लाँड्री बंद केली." आणि खुर्चीबद्दल सांगितलं, "एका कंपनीने दिली. मोठी कंपनी आहे, खेळाडूंना मदत करते."

"आई!"

माईंनी दचकून मागे पाहिलं. मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. सगळं घर त्या लाल खुर्चीकडे बघत होतं, तो मात्र आईकडे बघत होता. माई आत गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"ती आत्ता काय म्हणाली, ऐकलंस?" तो म्हणाला. "कंपनीच्या साहेबांना भेटून आभार मानायचेत म्हणतेय. कुठल्या साहेबांना भेटवणार आहेस तिला?"

"हळू बोल रे बाळा…"

"लहानपणापासून मी त्या टेबलाशी उभा आहे आई. मला दुसरं काय येतं? मी म्हणत होतो ना, थोडं थांब, मी जादा काम करतो, आपण हळूहळू जमवू. एकदा तरी ऐकलंस?"

"हळूहळू?" माईंचे डोळे भरून आले. "ती हळूहळू विझत होती रे! तुझ्या हाताने घास घेत होती आणि विझत होती. तुला दिसत नव्हतं, कारण तू तिला सांभाळण्यात गुंतला होतास. माझं चुकलं असेल… तुझ्या हक्काचं मी विकलं. मला वाट्टेल ते बोल, पण तिला सांगू नकोस. तिला कळलं, तर ती आजच थांबेल!"

त्याने लोटलेल्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाही सांगणार. पण रोज तिच्या डोळ्यांत बघून खोटं बोलणं मला जमायचं नाही. आणि आता इथे मला कामही नाही. मी जातो."

त्या संध्याकाळी तो बॅग घेऊन बाहेर आला, तेव्हा भिंगरी नव्या खुर्चीचे पट्टे घट्ट करत होती. "दुसऱ्या शहरात काम मिळतंय," तो म्हणाला. तिने बॅगेकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं… आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू कुणीतरी पुसून टाकावं तसं गेलं.

"काम?" ती म्हणाली. "अपंग बायकोचा कंटाळा आला, असं सरळ सांग ना."

त्याचे ओठ हलले. त्याने एकदाच, फक्त एकदाच आईकडे पाहिलं. त्या एका नजरेत केवढी आर्त विनवणी होती! एक शब्द… आईने एक शब्द बोलावा आणि आपली यातून सुटका करावी! पण माईंच्या तोंडून शब्द फुटला नाही. आणि तो, तो निर्दोष मुलगा, बायकोच्या नजरेत अपराधी होऊन, मान खाली घालून दाराबाहेर पडला.

त्या क्षणापासून माईंच्या अंतःकरणात एक काटा रुतला, तो रुतलाच!

दिवस मात्र वाऱ्यासारखे पळू लागले. भिंगरी पहाटे मैदानावर जायची ती उन्हं चढल्यावर परतायची. तिचे दंड भरले, तळहातांना घट्टे पडले, ती जिल्ह्यात पहिली आली, मग राज्यात! पेपरात फोटो आला, तेव्हा मास्तरांनी तो जिन्यात डकवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "माझ्या सल्ल्याशिवाय ती पेटी घरात आली नसती," असं ठणकावून सांगू लागले. घरात आनंद होता, पण भांडण नव्हतं. ज्या घरात नवराबायको टीव्हीच्या रिमोटवरून तावातावाने भांडायची, त्या घरात दोन बायका एकमेकींचा जीव सांभाळत हळू आवाजात बोलायच्या. तो अधूनमधून माईंना फोन करायचा. "तिचा खांदा कसा आहे?" एवढंच विचारायचा. भिंगरी त्याचा फोन घ्यायची नाही. फोन वाजला की ती खुर्ची फिरवून दुसऱ्या खोलीत जायची.

लाँड्रीचे पैसे वर्षभरात संपले. माई धास्तावून कोचबाईंकडे गेल्या, तर कोचबाई म्हणाल्या, "काळजी करू नका. एक देणगीदार मिळालाय. नाव सांगू नका म्हणतो, पण पैसे वेळेवर पाठवतो." माईंना हायसं वाटलं. आपलं खोटं शेवटी खरं झालं म्हणायचं… कुठून का होईना, कंपनी मिळाली!

आणि मग निवड शर्यतीचा दिवस उजाडला. जागतिक स्पर्धेच्या संघासाठी पहिल्या दोघी निवडल्या जाणार होत्या. शर्यत होती त्याच मोठ्या शहरात, जिथल्या कुठल्याशा लाँड्रीत माईंचा मुलगा कामाला होता. दोघींनाही ते माहीत होतं आणि दोघीही त्याबद्दल तोंडातून ब्र काढत नव्हत्या. पण टॅक्सीतून हॉटेलकडे येताना माई गर्दीतला एकेक चेहरा डोळ्यांत प्राण आणून न्याहाळत होत्या. आणि त्यांनी पाहिलं होतं, दुसऱ्या खिडकीतून भिंगरीही तेच करत होती.

सकाळी हॉटेलच्या माणसाने धुऊन आलेले कपडे खोलीत आणून ठेवले. "माई, माझं जॅकेट द्या ना," भिंगरी हातमोजे चढवत म्हणाली. माईंनी जॅकेट उचललं… आणि त्यांचे हात जागच्या जागी थिजले!

चेनचा वळ कापडावर उमटू नये म्हणून चेनच्या आत पातळ कागदाची पट्टी घातली होती. बाह्या पाठीमागे घेऊन डावी उजवीवर टाकलेली. कॉलर बोटभर उचलून ठेवलेली. जगात हजारो लाँड्र्या असतील… पण अशी घडी एकाच टेबलावर घातली जात होती. ती माईंनी स्वतः, स्टुलावर उभ्या राहणाऱ्या एका लहानग्याला, हात धरून शिकवली होती!

"माई? काय झालं? माई!"

माईंना काही ऐकू आलं नाही. जॅकेट छातीशी धरून त्या धावल्या. गुडघे दुखतात म्हणून जगाला सांगणाऱ्या माई तळघरापर्यंतचे सगळे जिने पळत उतरल्या!

तळघरात वाफेचा लोट उसळत होता. मोठमोठी यंत्रं घरघरत होती, चादरींचे ढीग छतापर्यंत गेले होते. त्या धुक्यात पाठमोरा एक तरुण इस्त्री फिरवत होता. किती वाळला होता तो! मानेचे मणके मोजता यावेत इतका…

"बाळा…"

इस्त्री थांबली. तो वळला. आणि मग मायलेकरं एकमेकांच्या गळ्यात पडून अशी रडली, की आजूबाजूच्या यंत्रांवरची माणसंही हातातलं काम टाकून बघत राहिली.

"जॅकेट बघितलं आणि ओळखलं मी," तो डोळे पुसत म्हणाला. "पाठीमागे आतून तुझी टीप होती. ती पुढे वाकून बसते, कापड वर सरकतं, म्हणून तूच घातली असणार."

"चल माझ्याबरोबर. आत्ताच्या आत्ता चल! मी तिला सगळं सांगते. खूप झालं!"

"वेडी आहेस का? अजून दोन तासांनी शर्यत आहे! आत्ता काही सांगायचं नाही. मी शेवटच्या रांगेत बसून बघणार आहे, तिकीट काढलंय. तिला कळता कामा नये."

तेवढ्यात लाँड्रीच्या मुकादमीणबाई, कमरेवर हात ठेवून, मोठ्या आवाजात म्हणाल्या, "तुम्हीच का याच्या आई? बरं झालं भेटलात! जरा समजवा याला. स्वतःची पाळी संपली की दुसऱ्याची करतो. विचारलं तर म्हणतो, बायको शर्यतीत पळते, तिच्या कोचला पैसे पाठवायचेत. अहो, वर्ष झालं! माणूस आहे की यंत्र?"

माई मुलाकडे वळल्या. "तू?…" त्या कशाबशा म्हणाल्या. "तो देणगीदार… तू होतास?"

तो उत्तर देणार, तोच मागे लिफ्टचं दार खाडकन बंद झाल्याचा आवाज आला.

भिंगरी! खुर्चीत, हातात मोजे, चेहरा पांढराफटक. माईंच्या मागोमाग ती लिफ्टने उतरली होती आणि लिफ्टच्या उघड्या दारात थांबून तिने सगळं ऐकलं होतं.

तिने खुर्ची माईंच्या समोर आणली.

"कंपनीने खुर्ची दिली म्हणालात माई," ती सावकाश म्हणाली. "कुठली कंपनी?"

"लाँड्री विकली गं…" माईंनी हात जोडले. "माझे गुडघे ठणठणीत आहेत. सगळं खोटं होतं. तो तुला टाकून गेला नाही, मी त्याला घालवलं! माझ्या शब्दासाठी तो गप्प राहिला. त्याला बोल लावू नकोस, माझं काय करायचं ते कर…"

भिंगरीच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. पण ती जे बोलली, त्याची दोघांनाही कल्पना नव्हती.

"छान! दोघांनी मिळून त्याग केलात! एकीने दुकान दिलं, एकाने रक्त आटवलं… आणि मला काय दिलंत? नवऱ्याने टाकलं म्हणून मी उशीत तोंड खुपसून रडले, ते दिलंत! मला कुणी एकदा तरी विचारलं? पाय गेले माझे, डोकं नव्हतं गेलं! ओझं तिघांनी मिळून उचललं असतं ना… तुम्ही मला त्यातून वगळलंत. मला एकटं पाडलंत!"

माईंना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं! ज्या त्यागाला त्या आजवर उराशी धरून बसल्या होत्या, त्याची ही दुसरी बाजू त्यांना कधी दिसलीच नव्हती. मुलगा पुढे झाला, तिच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसला.

"चुकलं," तो म्हणाला. एवढंच!

तिने त्याच्या छातीवर एक गुद्दा मारला. कसलेल्या हाताचा तो गुद्दा, बिचारा मागे कलंडलाच! मग तिने त्याची कॉलर धरून त्याला जवळ ओढलं आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदका दिला. "किती वाळलास रे, गाढवा…"

"आता शर्यतीचं काय?" माई व्याकूळ होऊन म्हणाल्या. "असं मन घेऊन तू कशी पळशील गं?"

भिंगरीने बाहीने नाक पुसलं. "मी चिडले की जोरात पळते. कोचबाईंना विचारा. चला वर, दोघंही! आणि शेवटच्या रांगेत कुणी बसायचं नाही. मला पहिल्या रांगेत हवे आहात, म्हणजे फेरीगणिक तुमची तोंडं बघून मला राग येत राहील!"

मुकादमीणबाईंनी त्याच्या हातातली इस्त्री काढून घेतली. "जा! आजची तुझी पाळी मी करते."

मैदान माणसांनी फुललं होतं. आठ खुर्च्या रेषेवर उभ्या राहिल्या. माईंनी मुलाचा हात एवढा घट्ट धरला, की तो कळवळला. धाड! बार झाला, आणि आठ जोडी हात एकदम चाकांवर आदळू लागले… ठप्-ठप्, ठप्-ठप्!

पहिल्या फेरीत भिंगरी मागे राहिली. दुसरीत ती मध्येच अडकली. पुढे तिघी, बाजूला एक, वाट म्हणून कुठे दिसेना. "बाहेरून काढ! अगं बाहेरून!" तो बाकावर चढून ओरडत होता. "खाली बसा, आम्हाला दिसत नाही," मागून कुणीतरी खेकसलं. "माझी बायको आहे ती!" तो गर्जला. "मग उभे राहा," तो माणूस म्हणाला, आणि स्वतःही बाकावर चढला!

शेवटच्या फेरीची घंटा वाजली. वळणावर भिंगरीने क्षणभर वेग तोडला. माईंनी डोळे मिटले, संपलं सगळं… पण नाही! तिने चाक बाहेर काढलं होतं. सगळ्यात लांबची, पण मोकळी वाट तिने धरली होती, आणि आता तिचे हात दिसेनासे झाले होते, नुसते फिरत होते, गरागरा, गरागरा… एक मागे पडली! दुसरी मागे पडली! पहिली पुढे निघून गेली होती, पण दुसऱ्या जागेसाठी दोन पुढची चाकं अगदी जुळून, शेजारी शेजारी, रेषेवरून गेली!

मैदान एकदम चिडीचूप झालं. फलकावर पहिलं नाव लागलं. दुसरी ओळ कोरीच! परीक्षक छायाचित्र तपासत होते. रेषेपलीकडे भिंगरी खुर्चीत पुढे वाकून धापा टाकत होती. माईंची नजर फलकावरून हलेना. त्यांचं सगळं आयुष्य त्या एका कोऱ्या ओळीवर टांगलं गेलं होतं…

आणि ओळ उजळली.

भिंगरीचं नाव!

पुढचं माईंना नीटसं आठवत नाही. कुणीतरी त्यांना उचललं. बहुधा तो मागचा खेकसणारा माणूस असावा. कठड्यावरून मुलगा आत उडी मारून धावत होता, रखवालदार त्याच्यामागे धावत होता, कोचबाई रखवालदाराला आवरत होत्या आणि आनंदाने ओरडत होत्या, "संघात आली! आता सगळा खर्च संघाचा! आता घरी चला तुम्ही, घरी!"

माई पोचेपर्यंत एक वार्ताहर मुलगी भिंगरीसमोर माईक धरून उभी होती. "तुमच्या या यशामागे कुठली कंपनी आहे?"

भिंगरीने एका हाताने नवऱ्याला ओढलं, दुसऱ्या हाताने माईंना. "ही माझी कंपनी," ती म्हणाली. "दोनच माणसं आहेत, आणि दोघंही एक नंबरची खोटारडी. आजपासून त्यांना मी कामावरून काढून टाकलंय. आता हा नुसता नवरा, आणि या नुसत्या माझ्या माई!"

माईंनी तिचं घामेजलं डोकं पोटाशी धरलं. आता लपवायला काही उरलं नव्हतं.

स्टेडियमच्या बाहेर पडताना तो म्हणाला, "वळणावर तू वेग तोडलास तिथे चुकलंच तुझं. नाहीतर पहिली आली असतीस."

"चुकलं? तुला काय कळतंय त्यातलं?" भिंगरी तडकली. "तोडला नसता तर बाहेर कशी निघाले असते?"

"आधीच्या वळणाला निघायचं ना!"

"आधीच्या वळणाला ती निळ्या खुर्चीवाली होती, डोळे फुटले होते का तुझे?"

दोघंही एकमेकांना शब्द पुरा करू न देता तावातावाने भांडत पुढे चालली होती, आणि शर्यतीची रिकामी लाल खुर्ची ढकलत त्यांच्यामागून येणाऱ्या माई, डोळ्यांतलं पाणी पुसायचंही विसरून, ते भांडण कान भरभरून ऐकत होत्या.